इन्सुलिन घेताना दुखू नये म्हणून काय करता येईल?

तुमचं इन्सुलिन नुकतंच सुरू झालंय आणि पोटावर टोचताना कधी काहीच कळत नाही, तर कधी डोळ्यांत पाणी येतं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं पेनने (पेनासारखं दिसणारं, बटण दाबून घ्यायचं इंजेक्शन) घेतोय. पहिला संशय सुईवर घ्या.

एकच सुई पुन्हापुन्हा वापरताय का? सुईवर वंगणाचा पातळ थर असतो. एकदा टोचली की तो जातो आणि टोक बोथट व्हायला लागतं. डोळ्यांना दिसत नाही, कातडीला बरोबर कळतं. म्हणून दर वेळी नवी सुई. लांबी ४ मिमी पुरते, अंगाने जाड असलात तरी. लांब सुई स्नायूत गेली तर दुखतंच, वर शुगर एकदम उतरायची भीती.

दुसरं कारण गारवा. फ्रिजमधून काढून लगेच घेतलेलं इन्सुलिन चांगलंच झोंबतं. वापरात असलेलं पेन बहुधा ३० अंशांखाली साधारण ४ आठवडे बाहेर चालतं (नेमकी मुदत माहितीपत्रकात बघा), न उघडलेली तेवढी फ्रिजमध्ये. स्पिरिट लावत असाल तर पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं की जळजळतं. केसाच्या मुळाशी टोचू नका, आणि सुई घाबरत घाबरत नव्हे, झटकन घाला. बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून सरळ बाहेर काढा.

एवढं करूनही औषध आत जाताना झोंबत असेल तर इन्सुलिन कोणतं आहे ते बघा. ग्लार्जिन आम्लधर्मी असतं, काहींना त्याने थोडं चुरचुरतं.

आता एक सावधगिरी, आणि मला विचाराल तर हीच जास्त महत्त्वाची. काही दिवसांनी पोटावर अशी एक जागा सापडते जिथे अजिबात दुखत नाही, आणि हात आपोआप तिथेच जातो. तिथे बोटं फिरवून बघा. रबरासारखी टणक गाठ लागली तर ती जागा सोडा. तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, शुगर कधी चढते, कधी कोसळते. बेंबीभोवतीची दोन बोटं जागा सोडून रोज आधीच्या खुणेपासून किमान बोटभर सरकत जा. आणि गाठीवरून चांगल्या जागेवर येण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण तिथे तेवढाच डोस जास्त ठरू शकतो.