शेण वाढवू नका, आधी गोठ्याचं पाणी तोडा

दादा, ४ घनमीटरचं दीनबंधू (पक्क्या घुमटाचं गोबरगॅस) संयंत्र, दावणीला एचएफ (होल्स्टीन) गाई, थंडी लागल्यापासून गॅस निम्म्यावर आणि वरून "शेण वाढवा" हा सल्ला. तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच गोठा आठवला.

ताजं शेण, काडीकचरा काढणं हे तुम्ही करतच असाल. मला एवढंच सांगा, गोठा धुतलेलं पाणी कुठे जातं?

आमचं बांधकाम सुरू असताना अनुदान देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी गोठ्याची गटार थेट इनलेटला, म्हणजे शेण घालायच्या तोंडाला, जोडायला लावली. मूत्रही कामी येईल म्हणाले. सगळं बिघडलं ते तिथेच. हिशेब बघा. ४ घनमीटर गॅसला रोज साधारण १०० किलो शेण आणि तेवढंच पाणी, म्हणजे २०० लिटर शेणकाला. आपल्याकडच्या हवेत तो ४० दिवस मुरावा असं धरलं तर ८,००० लिटर जागा लागते. त्यात रोज ३०० लिटर धुण्याचं पाणी घुसलं की काला १६ दिवसांत बाहेर. मिथेन म्हणजे जळणारा गॅस करणारे जिवाणू सावकाश वाढतात, ते वाढायच्या आधीच स्लरीबरोबर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या काल्याबरोबर, वाहून जातात. अशा वेळी शेण वाढवलं तर काल्याचा टाकीतला मुक्काम आणखी घटतो! शिवाय त्या पाण्यातून फिनाईल जातं, कासदाह झालेल्या गाईचं औषध असलेलं दूध जातं. दोन्ही जिवाणूंना मारक.

आम्ही अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच, शेण कमी पडतंय. आउटलेटपाशी उभं राहून स्लरी किती पातळ आहे हे कुणी पाहिलं नाही. घरच्या बायकांना पुन्हा चुलीच्या धुरात बसावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझं स्पष्ट मत, गटार आजच तोडा आणि पाणी हत्तीगवताला सोडा. शेण फावड्यानं उचला, पाणी बादलीनं मोजून घाला. थोडं मूत्र चालतं. स्लरीला आंबूस वास येत असेल आणि गॅस असूनही पेटत नसेल तर काही दिवस भरणी थांबवा, मग शेजारच्या चालू संयंत्राची स्लरी घालून थोडी थोडी सुरू करा. अंदाजानं चुना ओतू नका. आंबटपणा मोजायचा पीएच कागद स्वस्त मिळतो, स्लरीचा पीएच ७ च्या आसपास हवा. नासकं दूध, पनीरची निवळी यांतून गॅस भरपूर निघतो, पण टाकी लवकर आंबते, म्हणून सध्या बंदच ठेवा.

थंडीत काला दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यानं कालवा. ज्योत फडफडत असेल तर आधी पाईपात साठलेलं पाणी काढा.

मी इंजिनिअर नाही. हे घरगुती दीनबंधूपुरतं सांगतोय, मोठ्या प्रकल्पाचं गणित वेगळं असतं. आणि काहीही झालं तरी टाकीत कुणाला उतरवू नका, आतल्या वायूनं माणसं दगावली आहेत.

धुण्याचं पाणी एक दिवस मोजून इथे लिहा, पुढचं बघू.