वाचकांचे प्रश्न : डाव्या वळणात उंची का घटते?

प्रश्न : मी बारामतीला सेसना १७२ विमानावर उड्डाण शिकते आहे. ४५ अंशांच्या वळणांचा सराव करताना डावीकडे वळले की उंची घटते आणि उजवीकडे वळले की वाढते. दोन्ही वेळा विमानाचे नाक मी क्षितिजावर एकाच जागी ठेवते, तरीही असे का होते? शिवाय टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वाऱ्यानुसार योक (विमानाचे सुकाणू) कोणीकडे धरायचा, याचाही गोंधळ होतो.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही दोन्ही दिशांचे निरीक्षण वेगवेगळे नोंदवलेत, त्यामुळे कारण लगेच ध्यानात येते. नाक दोन्ही वेळा एकाच जागी दिसावे असा प्रयत्न तुम्ही करता, आणि चूक नेमकी तिथेच आहे. तुम्ही विमानाच्या मध्यरेषेवर बसलेल्या नसून तिच्या डावीकडे बसलेल्या असता. डावीकडे कललात की तुमचा डोळा मध्यरेषेच्या खाली जातो आणि नाक क्षितिजाच्या वर उचलल्यासारखे भासते. ते पूर्वीच्या जागी आणायला तुम्ही योक पुढे लोटता आणि उंची जाते. उजवीकडे याच्या बरोबर उलट घडते. त्यामुळे नाकाच्या मध्यावर नजर ठेवू नका. सरळ उड्डाणात आपल्या डोळ्यांच्या थेट समोर येणारी काचेवरची किंवा इंजिनाच्या आवरणावरची एखादी खूण निवडा, आणि दोन्ही वळणांत ती खूण क्षितिजाशी कशी जुळते तेच पाहा. उंचीमापकाकडे अधूनमधून एक दृष्टिक्षेप पुरेसा आहे. काट्याचा पाठलाग करू लागलात तर दुरुस्ती नेहमी उशिरा होईल आणि आसपासची विमानेही दिसणार नाहीत.

४५ अंशांच्या बँकला (वळताना पंखांचा कल) समतल राहायचे तर पंखांनी विमानाच्या वजनाच्या १.४१ पट लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, द्यावी लागते, म्हणून योक थोडा मागे ओढावा लागतो. त्याने हवेचा रोध वाढतो, आणि वेग टिकवायला थ्रॉटलही (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) किंचित पुढे न्यावा लागतो. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची लिफ्ट अचानक घटते तो वेग, हाही सुमारे १९ टक्क्यांनी चढतो, म्हणजे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, कमी वेगात उघडायच्या झडपा) वर असताना ४८ नॉटला स्टॉल होणारे विमान या वळणात ५७ नॉटच्या आसपासच स्टॉल होईल. उंची घटू लागली आणि बँकही वाढत असेल, तर नुसता योक ओढू नका. त्याने वळण अधिक आवळते आणि विमान घिरट्या घेत खाली जाऊ लागते. आधी बँक कमी करा, मगच नाक उचला. हा क्रम हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत ३० अंशांवरच सराव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टॅक्सीविषयी. जमिनीवर दिशा पायांच्या पेडलनी बदलते, त्यामुळे योक बिनकामाचा वाटतो. परंतु एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्या) आणि एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) यांच्यावरून वारा तेव्हाही वाहतच असतो. वारा डावीकडून समोरून येत असेल तर योक डावीकडे फिरवा आणि एलेव्हेटर मध्यावर ठेवा: डावा एलेरॉन वर जातो आणि तो पंख उचलला जात नाही. वारा डावीकडून मागून येत असेल तर योक उजवीकडे फिरवून पुढे लोटा. आता डावा एलेरॉन आणि एलेव्हेटर खाली झुकतात आणि मागचा वारा त्यांच्या वरच्या बाजूवर दाब देतो. सेसनासारख्या वर पंख असलेल्या तीनचाकी विमानाला हा मागून तिरका येणारा वारा सर्वांत धोक्याचा असतो, विशेषतः वेगात वळताना, म्हणून तेव्हा चालण्याच्या गतीनेच जावे.

पाठ करण्यापेक्षा दिशादर्शकाचा, म्हणजे विमानाचे नाक ज्या दिशेला आहे तो आकडा सर्वांत वर दाखवणाऱ्या तबकडीचा, उपयोग करा. समजा वारा २७० अंशांवरून येतो आहे. तुम्ही ३०० अंशांवर जात असाल तर तबकडीवर २७० हा आकडा वरच्या भागात डावीकडे दिसेल, म्हणजे योक डावीकडे. वळून १२० अंशांवर आलात की तोच आकडा खालच्या भागात उजवीकडे जाईल, म्हणजे योक डावीकडे आणि पुढे. इंजिन सुरू करण्यापूर्वी वातकुक्कुट पाहून घ्या आणि टॅक्सीवेच्या प्रत्येक वळणावर वारा कोणत्या बाजूचा झाला, हे इन्स्ट्रक्टरना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगा.