कोपर आपटलं, करंगळी का झिणझिणली?

प्रश्न : डॉक्टर, टेबलाच्या कडेवर कोपर आपटलं की करंट लागल्यासारखं होतं, पण झिणझिण्या येतात करंगळीत. मार कोपराला आणि कळ बोटात, असं का? दुसरं म्हणजे, गरम भांड्याला हात लागला की तो आधी झटक्यात मागे येतो, चटका नंतर जाणवतो. मग मेंदूला न विचारताच हात हलतो का?

उत्तर : कोपर वाकवा आणि आतल्या बाजूचं टोकदार हाड चाचपा. ते हाड आणि कोपराचं टोक यांच्यामध्ये खोबण लागेल. तिथे बोट आडवं फिरवलं की जाडसर, गोल असं काहीतरी निसटतं. हलकेच हं, जोर लावू नका! हीच अल्नर नस. मोठ्या नसा बहुतेक ठिकाणी स्नायूंच्या आड असतात. ही बिचारी इथे कातडी आणि हाड यांच्या मधे उघडी पडते.

या नसेतले स्पर्शाचे तंतू करंगळी आणि अर्ध्या अनामिकेतून निघतात, कोपरामागून काखेत जातात आणि मानेच्या तळाशी मज्जारज्जूत शिरतात. तिथून निरोप मेंदूत पोचतो. तो वाटेत कुठे सुरू झाला हे मेंदूला कळत नाही. कोणत्या तंतूवरून आला एवढंच कळतं. बेलची वायर भिंतीत मधेच चिकटली तरी घरातला माणूस दारच उघडायला जातो, तसं हे. कमरेतली गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आला की कळ पोटरीत येते ती याचमुळे. आणि लोक आठवडेच्या आठवडे पोटरी चेपून घेतात!

आता चटका. हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो. त्वचेतून आलेला निरोप तिथल्या मधल्या पेशींना मिळतो. त्या हात वाकवणाऱ्या स्नायूंना आखडायला लावतात आणि त्याच क्षणी विरुद्ध बाजूच्या स्नायूंना सैल करतात. हे दुसरं काम विद्यार्थी परीक्षेत हमखास विसरतात. मेंदूलाही खबर जाते, पण ती पोचून वेदना जाणवेपर्यंत हात हललेला असतो. तरी मेंदू अगदीच बेदखल नाही. हातातलं भांडं तापलंय हे आधीच माहीत असेल तर तुम्ही ते दात-ओठ खात खाली ठेवता, टाकून देत नाही.

वेदनेचे तंतू दोन जातींचे. मायलिन या चरबीयुक्त द्रव्याचं पातळ आवरण असलेले सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात; उघड्या तंतूंचा वेग जेमतेम अर्धा ते दोन मीटर. म्हणून पायाचं बोट ठेचकाळलं की आधी तीक्ष्ण कळ येते आणि सेकंदभराने ठणका सुरू होतो. पुढच्या वेळी लक्ष ठेवा, मधली फट चक्क जाणवते. नसेतला वेग मोजताच येणार नाही, असं जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचं मत होतं. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला : सेकंदाला सुमारे ३० मीटर.

कोपर आपटल्यावरच्या झिणझिण्या थोड्या वेळात जातात, त्याची काळजी नको. पण न आपटताही करंगळी बधिर राहत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर कोपर दुमडून झोपणं आणि तासन्‌तास फोन कानाला लावणं आधी बंद करा. वाकलेल्या कोपरात ही नस ताणली जाते. अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यात कागद धरा आणि कुणाला तरी तो ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं पेर वाकत असेल, तर या नसेवर चालणारा स्नायू दुबळा झालाय असं समजा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि कोपरापासून तळहातापर्यंतचं अंतर वीतभराहून जास्त आहे, म्हणजे भरून यायला महिनोन्‌महिने लागतात; म्हणून उशीर नको.