सर घाबरले की सरांनी थांबवलं?

दापोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा अकरावीत, वय १७. दोन वर्षं तालुक्याच्या गावी एका सरांकडे बॉक्सिंग शिकतो. नऊ लढती, नऊ विजय. वडील हर्णैला बोटीवर खलाशी. गेल्या वर्षी कोल्हापूर विभागाच्या शालेय स्पर्धेत साताऱ्याच्या मुलाशी लढत लागली आणि सरांनी सकाळीच याचं नाव मागे घेतलं. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद, ‘सर घाबरले.’ चार मित्र रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईलवर लढती बघतात आणि कोणी कोणाला टाळलं, कोणाचा ट्रेनर भारी, यावर हुज्जत घालतात. आता मुंबईकडच्या एका ॲकॅडमीचे कोच म्हणतायत, दीड लाख भरा, वर्षात ‘प्रो’ करतो. बारावी काय, नंतरही देता येईल, असं चिरंजीवांचं मत. आई विचारते, सर बदलायचे का? आणि यात पोटापाण्याचं काही आहे का?

ताई, नमस्कार.

आधी त्या रात्रीच्या हुज्जतीबद्दल. झोपेचं तुमचं म्हणणं अगदी खरं, पण विषय काही फालतू नाही. बॉक्सिंगवाले पिढ्यान् पिढ्या यावरच भांडत आलेत. लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो हे दोन हेवीवेट बॉक्सर १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत भेटले, लुईसने दुसऱ्या राउंडमध्येच निकाल लावला. पुढे दोघंही व्यावसायिक हेवीवेट विजेते झाले, पण पुन्हा एकदाही समोरासमोर आले नाहीत. १९९२ च्या डिसेंबरात लुईसशी लढायची वेळ आली, तेव्हा बोने लंडनमध्ये जगज्जेतेपदाचा एक पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. फ्लॉईड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ या दोन जगज्जेत्यांच्या लढतीची बोलणी २००९ च्या अखेरीस सुरू झाली, रक्ततपासणी आणि पैशांवरून फिसकटली, आणि लढत झाली २ मे २०१५ ला. तोवर एक ३८ चा, दुसरा ३६ चा. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. चहा घेऊन बसलेले लोक अजून त्या सकाळीबद्दल कुरकुरतात.

व्यावसायिक खेळात हे होतं, कारण तिथे लढत जमवावी लागते, सोयरीक जमवावी तशी. मोडते देण्याघेण्यावरून आणि दोष पत्रिकेला. तुमचा मुलगा खेळतो ते हौशी बॉक्सिंग. इथे लॉट पडतात, चिठ्ठीत निघेल तो समोर. (आपल्या शिमग्याच्या कबड्डीत यजमान मंडळाला नेमकी सोपी बाजू कशी येते, तो विषय वेगळा.) त्यामुळे इथे कोणाला टाळायचं तर दोनच वाटा. वजनगट बदलायचा, नाहीतर नाव मागे घ्यायचं आणि समोरच्याला पुढे चाल द्यायची.

सरांनी दुसरी वाट धरली. का धरली, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. मुलगा म्हणाला घाबरले, तुम्हीही लिहिलंत घाबरले. सरांना कोणी विचारलेलंच दिसत नाही. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर, त्याच्या जेवणाच्या तक्रारीत, एक वाक्य येऊन गेलंय. ‘कोल्हापूरला जायच्या आधी सरावात डोक्याला लागून आला, दोनदा उलटी झाली, दोन दिवस नीट जेवला नाही.’ ताई, मी तिथेच थांबले. डोक्याला मार आणि त्यावर उलटी, ही साधी गोष्ट नाही. स्पर्धेत डोक्याच्या मारामुळे लढत थांबली, तर बॉक्सरला किमान ३० दिवस रिंगमध्ये उतरू देत नाहीत. सरावात ना पंच असतो ना डॉक्टर, तिथे जे काही असतात ते सरच. त्यांनी त्या कारणाने नाव काढलं असेल, तर त्यांना नारळ द्यायचा तो शालीबरोबर द्या. आणि अजून डोकं दुखतं म्हणत असेल, तर हे पत्र अर्धं ठेवून आधी डॉक्टरकडे न्या.

तुमच्या घरात हे समजावणं अवघड जाऊ नये. वारा फिरला की तांडेल जाळं न टाकता बोट बंदराला आणतो. डिझेल फुकट जातं, तरी त्याला भित्रा म्हणणारा खलाशी अजून मला भेटायचाय. मात्र स्वच्छ हवामानातही जो तांडेल रोज बंदराच्या तोंडाशीच घुटमळतो आणि बोट कधी बुडाली नाही म्हणून मिरवतो, त्याच्या बोटीवर तुमचे यजमान किती दिवस राहतील? सर यातले कोणते, ते शोधायचंय.

त्यासाठी त्या नऊ विजयांची वही काढा. किती लढती तालुक्यातल्या, किती जिल्ह्यातल्या? तोच मुलगा दोनदा-तीनदा समोर आलाय का? किती विजय न लढता, चाल मिळून? रत्नागिरी जिल्ह्यात काही वजनगटांत मुलंच कमी असतात, त्यात सरांचा दोष नाही. पण मग सर सुट्टीत मुलांना घेऊन सातारा-कोल्हापूरला दुसऱ्यांच्या क्लबात सरावाला जातात का, हे विचारा. आपल्या पोराला बाहेरचा मार चाखवायला जो सर स्वतः एसटीत बसतो, तो टाळणारा नव्हे.

निवडून लढती देणं हेही पाप नाही, हे मुलाला सांगा. माइक टायसनने १९८५ या पहिल्या वर्षात १५ लढती केल्या. समोरचे जपून निवडलेले होते, पण हळूहळू तगडे होत गेले. १९८६ च्या नोव्हेंबरात, विसाव्या वर्षी, तो जगज्जेता होता. ज्यांनी त्याला घडवलं ते कस डमाटो आदल्या वर्षीच वारले होते. शिडीला पायऱ्या असाव्यात, एवढंच. एकाच पायरीवर नऊ वेळा उडी मारून नऊ आकडा लावू नये.

आता सरांची पारख. मागे एका जिल्हा स्पर्धेला मी मुद्दाम लाल कोपऱ्याच्या मागे बसले होते. दोन राउंडच्या मधे एक मिनिट मिळतं. एक कोच त्या मिनिटात अखंड ओरडत होता. उजवा मार, खाली वाक, पाय हलव, पंच आंधळा आहे, तुझ्या आईबापाने किती खर्च केलाय! मुलगा त्याच्याकडे बघतही नव्हता, तोंडातलं गार्ड कोणी काढेल का ते बघत होता. दुसऱ्या लढतीला त्याच कोपऱ्यात आलेले सर आधी स्टूल ठेवायचे, गार्ड काढून पाण्याने धुवायचे, पोराला दोन मोठे श्वास घेऊ द्यायचे. मग कानाशी एकच वाक्य. तो मुलगा हरला. उतरल्यावर सरांनी हातावरचं बँडेज स्वतः सोडलं आणि बोटं एकेक दाबून बघितली. मला विचाराल तर पारख इथे होते, भिंतीवरच्या फोटोंत नाही.

रात्रीच्या मंडळाला एक लढत लावून द्या. १ ऑक्टोबर १९७५, मनिला, अली विरुद्ध फ्रेझियर. १४ राउंड झाले, एकच उरला होता. फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते आणि त्याला लढायचं होतं. त्याचे ट्रेनर एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. फ्रेझियर ती लढत हरला. फच यांना भित्रा म्हणायची कोणाची छाती आहे?

हरण्याची भीती असेल, तर घरचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमची थेट निवड होणार, अशी चिन्हं होती. निखत झरीनने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणी मागितली. डिसेंबरात ती झाली आणि निखत ९-१ अशी सपशेल हरली. मागून घेतलेली लढत, तीही सगळ्या देशासमोर. पुढे २०२२ मध्ये ती जगज्जेती झाली, २०२३ मध्ये पुन्हा. युक्रेनचा लोमाचेन्को दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन व्यावसायिक झाला आणि दुसरीच लढत हरला, तिसऱ्या लढतीत जगज्जेता झाला. त्याच्या वडिलांनीच त्याला शिकवलं. लहानपणी बॉक्सिंग बंद करून त्यांनी त्याला काही वर्षं लोकनृत्याला घातलं होतं, पाय तयार व्हावेत म्हणून. तुमचा मुलगा गणपतीत जाखडीला नाचतो असं लिहिलंयत. नाचू द्या.

दीड लाखांचं उत्तर एकच, सरळ ‘नाही’. विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, तेव्हा त्याच्या गळ्यात २००८ चं ऑलिंपिक पदक होतं. तरी पहिली हार वाट्याला आलीच. तीही आपल्या शेजारी, मार्च २०२१ मध्ये पणजीला, कॅसिनो बोटीच्या डेकवर. जिल्ह्याबाहेर एकही लढत न केलेल्या मुलाला वर्षात ‘प्रो’ करणारा माणूस त्याला कोणासमोर उभा करणार? एक तर ठरवून पडणाऱ्यासमोर, नाहीतर ज्याला सोपा विजय हवाय त्याच्यासमोर. दोन्हीकडे पैसे तुमचेच.

पोटापाण्याचं म्हणाल तर वाट आहे, पण ती हौशी खेळातून आणि बारावीतून जाते. सेनादल, रेल्वे, पोलीस इथे खेळाडूंना घेतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत. मात्र तिथे लागते स्पर्धेची पातळी आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र, नुसते विजय मोजत नाहीत. म्हणून जिल्ह्यातल्या नऊ विजयांपेक्षा राज्यस्पर्धेतलं एक पदक जड, आणि तिकडे जायचं तर साताऱ्याच्या मुलाला चुकवून जाता येत नाही. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटबद्दल तुम्ही विचारलंयत. लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत मुलं चौदाच्या आत घेतात, ते वय गेलं. तो दरवाजा आता पदकानेच उघडेल.

आणखी एक शक्यता. कोणाचा ट्रेनर भारी यावर जो मुलगा रात्र रात्र बोलू शकतो, त्याच्यात कदाचित ट्रेनरच बसलेला असेल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) कोचिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, त्याला पदवी लागते आणि खेळातली कामगिरीही. आपल्या किनाऱ्यावर शिकलेले बॉक्सिंग कोच किती आहेत, हे तुम्हीच बघताय. बारावी बुडवली तर हीही वाट बुडाली.

तेव्हा सर आत्ता बदलू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, यजमान घरी असतील. तिघांनी मिळून सरांकडे जा आणि ‘त्या दिवशी नाव का काढलंत?’ हे मुलालाच विचारू द्या. कारण डोक्याचं निघालं तर माफी त्यानेच मागायची. सर इकडचं तिकडचं बोलायला लागले, वहीत नऊपैकी पाच चाली निघाल्या, तर मला पुन्हा लिहा, कोल्हापूर-साताऱ्याकडचं बघू. आणि यंदा विभागीयला तुम्ही स्वतः जा, कोपऱ्याच्या मागे जागा धरा. निकाल मला नंतर कळवलात तरी चालेल, दुसऱ्या राउंडनंतर सर कानाशी काय बोलले तेवढं आधी लिहा.