माझ्या घोड्याचा खर्च नवरा करतो. बाकीचे घोडेवाले मला कमी लेखतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडा तुमचा, पण तबेल्याचं भाडं, चारा, डॉक्टर, नालबंद असा सगळा खर्च नवरा भागवतो. तबेल्यातल्या लोकांच्या बोलण्यात तुम्हाला खोच जाणवते. ते खरंच तसा विचार करतात की तुमच्याच मनाचे खेळ आहेत, आणि तुम्हाला लाज वाटायला हवी का?

मनाचे खेळ नाहीत. लोक तसा विचार करतात. मी स्वतः नऊ वर्षं केला, आणि मनापासून केला, म्हणून खात्रीने सांगते. लाजेचं उत्तर एवढं सरळ नाही.

माझा पहिला घोडा मी स्वतःच्या पगारातून घेतला. दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून मला परवडला. चौदा वर्षांचा, स्पर्धेतून काढलेला, पुढच्या डाव्या पायाने अधूनमधून लंगडणारा. भाडं कमी व्हावं म्हणून मी रोज कामावर जाण्याआधी सहा घोड्यांची ठाणं साफ करायचे. एक घोडा दिवसाला लीद आणि मूत्र मिळून वीसेक किलो घाण करतो, त्यावरून सहांचा हिशेब करा. मीटिंगमध्ये बसले की केसांतून गवताची काडी निघायची. आणि दहा वाजता स्वच्छ बूट घालून एखादी बाई यायची, तिच्या घोड्याला आधीच खरारा झालेला असायचा, खोगीर चढवलेलं असायचं, आणि ती रपेटीला निघून जायची. तिच्याकडे मी कोणत्या नजरेने बघत असेन?

आमच्याकडे अशा बायकांसाठी एक शब्द होता: ‘प्रायोजित’. हिचं खोगीर नवीन आहे का? मग काय, प्रायोजित आहे ती. हिने दुसरा घोडा घेतला? अर्थात, प्रायोजित. गंमत म्हणजे तबेल्यात एक गृहस्थही होते, ज्यांच्या दोन्ही घोड्यांचा खर्च त्यांची बायको करायची. त्यांच्याबद्दल सगळे म्हणायचे, ‘बायको फार समजूतदार मिळाली हो त्यांना.’ तोच व्यवहार, पण बाईच्या बाबतीत आरोप आणि पुरुषाच्या बाबतीत त्याच्या बायकोचं कौतुक. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. त्या प्रायोजित बायकांपैकी दोघी घरी मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू सांभाळत होत्या, त्या कामाचा पगार धरला तर कोण कोणाचं प्रायोजक ठरेल, हा हिशेब तर आम्ही कधी मांडलाच नाही.

पण हा हेवा नेमका कशाचा असतो तेही सांगते, नाहीतर त्या लोकांवर अन्याय होईल. तो बुटांचा किंवा खोगिराचा नसतो. तो झोपेचा असतो. कॅमेऱ्याची हौस परवडेनाशी झाली की कॅमेरा कपाटात जातो. घोडा कपाटात जात नाही. पाचशे किलोच्या घोड्याला रोज साधारण दहा किलो वाळलं गवत लागतं, तुम्ही बसा की बसू नका. खूर वाढतच राहतात, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवाच. दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना त्यांना धारदार कडा येतात, म्हणून वर्षातून एकदा तरी ते तपासून घासून घ्यावे लागतात. आणि हे २५-३० वर्षं, ज्यातली शेवटची कित्येक वर्षं त्याच्या पाठीवर कोणी बसतही नाही. घोड्याची खरेदीची किंमत या सगळ्यात सर्वात किरकोळ. स्वतःच्या पगारावर घोडा ठेवणारा माणूस सतत मनातल्या मनात बेरजा करत असतो. शेजारच्या ठाणात कोणीतरी त्या बेरजांशिवाय जगतंय हे दिसलं की पोटात दुखतं. मग त्या दुखण्याला आपण तत्त्वाचं नाव देतो: ‘आम्ही कोणाच्या जिवावर उड्या मारत नाही.’

माझं हे तत्त्व एका रात्रीत ढिलं पडलं.

तबेल्यात सर्वात प्रायोजित मानली जाणारी एक बाई होती. तिची अबलख घोडी होती, देखणी आणि तापट. त्या आठवड्यात रात्रीची शेवटची फेरी माझ्याकडे होती. अकराच्या सुमारास बघते तर घोडी पुढच्या पायाने जमीन उकरतेय, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघतेय, बसतेय, उठतेय, अंगभर घाम. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे अडकतं ते वर येऊन मोकळं होत नाही. मी डॉक्टरांना फोन केला, मग तिला.

ती वीस मिनिटांत आली, घरच्या कपड्यांवर कोट चढवून. माझी अपेक्षा होती की ही आता रडत बसेल आणि सगळं आम्हालाच करावं लागेल. तिने येताच घोडीच्या हिरड्या पाहिल्या, जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. शेवटची लीद कधी आणि कशी पडली, दिवसभरात पाणी किती प्यायली, नेहमीची नाडी छत्तीस असते आणि आत्ता सत्तरच्या वर आहे, हे सगळं तिने डॉक्टरांना त्यांनी विचारायच्या आत सांगितलं. मी नऊ वर्षं सहा ठाणं साफ केली होती, पण माझ्या स्वतःच्या घोड्याची नेहमीची नाडी मला माहीत नव्हती.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, वेदनेचं इंजेक्शन दिलं. तासाभरात त्याचा असर ओसरला आणि घोडी पुन्हा जमिनीवर. आतडं पिळलं गेल्याची शक्यता दिसत होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता गाडीत घालून शस्त्रक्रियेला न्यायचं किंवा इथेच इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं, तिसरा मार्ग नाही, आणि विचार करायला वेळही नाही.

ती फोन घेऊन दाराबाहेर गेली. मला फक्त तिचीच बाजू ऐकू येत होती.

‘हो, किती होतील ते कळतंय मला.’

‘नाही. खात्री कोणीच देत नाही.’

‘पुढचं वर्षभर कुठेच स्पर्धेला जाणार नाही. दोन वर्षं म्हण.’

मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, ‘प्लीज.’

पंचेचाळीशीची बाई, मघाशी डॉक्टरांच्या बरोबरीने बोलत होती, आणि आता अंधारात भिंतीकडे तोंड करून शाळकरी मुलीसारखी प्लीज म्हणत होती. नवरा हो म्हणाला. वाईट माणूस नसावा तो, रात्री एक वाजता झोपेतून उठून एवढ्या रकमेला कोण लगेच हो म्हणेल? घोडी वाचली. पुढचे अनेक महिने तिने तिला हाताने धरून फिरवली.

पण मी घरी गेले ती वेगळ्याच हिशेबात अडकून. तिच्या जागी मी असते तर मला कोणालाच फोन करावा लागला नसता. डॉक्टरांना मी एका मिनिटात उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर ‘झोपवा’ हेच असतं, कारण माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. तिच्या घोडीचा जीव एका माणसाच्या होकारावर टांगलेला होता, माझ्या घोड्याचा माझ्या पासबुकावर. नऊ वर्षं मी ज्याला स्वाभिमान म्हणत होते त्याचा माझ्या घोड्याला तरी काही उपयोग नव्हता.

तसं पाहिलं तर घोडा या प्राण्याचा खर्च बसणाऱ्यानेच करायचा, ही कल्पनाच नवी आहे. ऑलिम्पिकमधलं अश्वारोहण १९४८ पर्यंत जवळजवळ लष्करी अधिकाऱ्यांचीच मिरास होती. त्या वर्षी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करून घेण्याच्या प्रकारात, स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि १९४९ मध्ये ते काढून घेण्यात आलं, का, तर संघातला गेनाल पेर्सन हा मुळात सार्जंट होता आणि त्याला स्पर्धेपुरतं लेफ्टनंट केलं होतं. १९५२ मध्ये नियम बदलला, अधिकारी नसलेल्यांना आणि बायकांनाही ड्रेसाजमध्ये उतरता आलं. त्याच वर्षी पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक घेतलं, घोड्यावर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागत असे. (पेर्सनही परत आला आणि सुवर्ण जिंकलेल्या संघात होता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) त्या अधिकाऱ्यांच्या घोड्यांना चंदी सरकारी खजिन्यातून मिळायची, त्यांना कोणी प्रायोजित म्हणून नाक मुरडलं नाही. आजही वरच्या पातळीवरचे कितीतरी स्वार दुसऱ्याच्या मालकीच्या घोड्यांवर बसतात. तिथे पैसे भरणाऱ्याला मालक म्हणतात, बसणाऱ्याला स्वार, आणि दोघेही फोटोत ताठ उभे राहतात.

तेव्हा पैसे कोणाच्या खिशातून येतात याची लाज बाळगू नका. मला तुम्हाला विचारायचंय ते दुसरंच. खरा आकडा नवऱ्याला माहीत आहे का?

हे विचारायचं कारण माझ्याच घरात आहे. माझी नोकरी गेली तेव्हा चौदा महिने माझ्या घोड्याचा खर्च माझ्या जोडीदाराने केला. मी, म्हणजे ‘प्रायोजित’ शब्दावर सर्वात मोठ्याने हसणारी, आता स्वतःच प्रायोजित. आणि मी काय केलं? त्याला खऱ्या खर्चाच्या दोन तृतीयांश आकडा सांगितला. उरलेलं माझ्या साठवणीतून गुपचूप घालत राहिले. हे फक्त मीच करते असं समजू नका. तबेल्यातल्या खोगिराच्या खोलीत जेवढी खोटी बिलं जन्माला येतात तेवढी दुसरीकडे कुठे येत नसतील. नवी झूल ‘जुनीच आहे, धुतली’. नवं खोगीर ‘मैत्रिणीने वापरायला दिलंय’. एक दिवस नालबंदाने सहजच माझ्या जोडीदाराला मागची बाकी विचारली आणि सगळं उघडं पडलं. तो पैशावरून भांडला नाही. तो म्हणाला, ‘मी नाही म्हणेन असं तू धरूनच चाललीस. मला विचारलंसुद्धा नाहीस.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

मग आम्ही एका रविवारी कागद घेऊन बसलो. महिन्याला किती, वर्षातून एकदा येणारे खर्च किती, घोड्याची कागदपत्रं कोणाच्या नावावर. उद्या आपण वेगळे झालो तर हा म्हातारा लंगडा घोडा कोणाकडे? त्याला विकत तर कोणी घेणार नाही. हा प्रश्न विचारताना दोघांनाही कसंतरीच झालं, पण विचारला. तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे माझ्या नावावर वेगळे ठेवले, त्यांना काहीही झालं तरी हात लावायचा नाही. आणि सर्वात शेवटी, सर्वात जास्त वेळ घेऊन, एक आकडा लिहिला: शस्त्रक्रियेची वेळ आली तर इथपर्यंत हो, याच्या पुढे नाही. दिवसाढवळ्या, घोडा धडधाकट असताना. म्हणजे रात्री एक वाजता दोघांपैकी कोणालाच प्लीज म्हणावं लागणार नाही. तो आकडा मला हवा होता त्याहून कमी आहे. त्याला वाटत होता त्याहून जास्त आहे. कागद डॉक्टरांच्या नंबरासोबत तबेल्यातल्या माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

तुमचा असा कागद नसेल तर आधी तो करा. तबेल्यातल्या बोलण्याचं नंतर बघता येईल. त्यावर मला सापडलेला उपाय फार साधा आहे: कोणी खोचकपणे विचारलं तर ‘हो, तोच भरतो’ म्हणायचं आणि खरारा चालू ठेवायचा. सफाई द्यायला लागलात की समोरच्याला मजा येते. मला एकदा एक मुलगी म्हणाली, ‘नशीबवान आहेस बाई.’ तो सूर मी लगेच ओळखला, कारण तो माझाच होता.

अबलख घोडीच्या मालकिणीशी माझी पुढे चांगली गट्टी झाली. एकदा धीर करून मी तिला सांगितलं की तुझ्या पाठीमागे आम्ही तुला काय म्हणायचो. ती म्हणाली, ‘माहीत आहे. माझ्या पेटीवर कोणीतरी खडूने लिहिलं होतं.’ मी म्हटलं, ‘मीच लिहिलं होतं.’

‘तेही माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘तबेल्यातल्या फळ्यावर तू ‘प्रत्येकी’ लिहितेस ना, त्यातला प्र अगदी तसाच असतो.’