वाचकांचे प्रश्न : कारखाने खेळाडूच्या हातात द्यायचे का?

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून 1941 ते 45 च्या जर्मनी-रशिया युद्धावर बोर्डगेम बनवतोय. टेस्टिंगला बसलो की जर्मनीवाला पहिल्याच टर्नला सगळं संशोधन पँथर रणगाड्यावर ओततो आणि 1942 च्या उन्हाळ्यात त्याच्या पँथरच्या डिव्हिजन तयार. म्हणून उत्पादन काढून ठरलेलं वेळापत्रक लावलं, तर आता सगळे म्हणतात मग आम्ही नुसत्या सोंगट्या सरकवायच्या का? काय करावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी हे ठरवा की तुमचा खेळाडू नक्की कोण आहे. तो आघाडीवरचा सेनापती असेल तर वेळापत्रकच बरोबर आहे, कारण कुठला रणगाडा कधी येणार हे सेनापती ठरवत नव्हताच. याच युद्धावरच्या 'वॉर इन द ईस्ट' (2010) या कॉम्प्युटर गेममध्ये असंच आहे, जर्मन उत्पादनाला हात लावता येत नाही, पण सोव्हिएत खेळाडूला कारखाने रेल्वेने पूर्वेकडे हलवायचे असतात आणि त्याच रेल्वेने सैन्यही आणायचं असतं, त्यामुळे 1941 च्या उन्हाळ्यात प्रत्येक टर्नला जीव नुसता टांगणीला लागतो. एकच निर्णय दिलाय, पण तो खरा आहे.

पण तुमच्या मित्रांना बर्लिन आणि मॉस्कोच्या खुर्चीत बसायचंय असं दिसतंय. मग कारखाने द्या, बिनधास्त द्या, फक्त पुढे काय होणार याचं ज्ञान काढून घ्या. पँथर मुळात सुचला कधी? 1941 मध्ये सोव्हिएतांचा टी-34 रणगाडा समोर आला, जर्मनांचे डोळे उघडले, मग मागणी झाली, मे 1942 मध्ये 'मान' (MAN) या जर्मन कंपनीचं डिझाईन निवडलं गेलं आणि जुलै 1943 मध्ये रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत साधारण 200 पँथर उतरले, त्यातलेही कितीतरी शत्रूची गोळी लागायच्या आधीच बिघडून बसले. तर तुमच्या खेळात टी-34 शी गाठ पडल्याशिवाय पँथरचं संशोधन उघडूच नका. आणि ते घाईने उरकणाऱ्याला बिघाडाच्या चिठ्ठ्या उचलायला लावा, म्हणजे लवकर आणायची मुभा राहील पण ती फुकट नसेल.

संशोधनासाठी जुन्या 'ॲक्सिस अँड अलाईज' या बोर्डगेममधली युक्ती मला आवडते, तिथे 5 पॉइंट मोजून एक फासा विकत घ्यायचा, 6 पडला तर शोध लागला आणि कुठला लागला ते पुन्हा फासा सांगणार. फारच ढोबळ आहे, तुम्ही निदान विषय तरी निवडू द्या, पण पैसा खेळाडूचा आणि तारीख नशिबाची हे तत्त्व मात्र सोडू नका.

आता खरी गोम, आणि बहुतेक घरगुती गेम इथेच फसतात : बदलाची किंमत. सोव्हिएतांकडे 1941 मध्ये सुधारित टी-34एम चं डिझाईन होतं, नवं सस्पेन्शन वगैरे, पण जूनमध्ये हल्ला झाला आणि ते गुंडाळलं, कारण नव्या मॉडेलसाठी कारखान्याची उत्पादन लाईन बंद ठेवायला वेळच नव्हता. खारकोवचा कारखाना उचलून उरलमधल्या निझ्नी तागीलला नेला आणि डिसेंबरपर्यंत तिथून रणगाडे निघायला लागले, तोच जुना टी-34, अधिकाधिक स्वस्त होत गेलेला. 85 मिलिमीटर तोफेचा टी-34 थेट 1944 च्या सुरुवातीला आला. जर्मनीनेही पँथर आला म्हणून आपला जुना पँझर फोर रणगाडा बंद केला नाही, तो शेवटपर्यंत बनत राहिला. 'हार्ट्स ऑफ आयर्न फोर' या कॉम्प्युटर गेममध्ये लाईनवरचं मॉडेल बदललं की तिची कार्यक्षमता घसरते आणि पुन्हा चढायला महिने लागतात, तेच तुम्ही बोर्डवर करा : मॉडेल बदललं की त्या कारखान्याचं मार्कर उलटं, एक टर्न काहीच नाही, पुढचे दोन टर्न निम्मं. तुमचा जर्मनीवाला मित्र मग आपणहून पँझर फोर चालू ठेवेल बघा, कारण 1942 मध्ये रिकाम्या हाताने उभं राहणं त्याला परवडणार नाही.

प्रश्न : 'वॉर इन द पॅसिफिक' या जपान-अमेरिका युद्धावरच्या कॉम्प्युटर गेममध्ये जपानला उत्पादन बदलता येतं, अमेरिकेला नाही. हा अन्याय नाही का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मला तरी नाही वाटत. अमेरिकेचा नौदल वाढवायचा मोठा कायदा जुलै 1940 चा, म्हणजे पर्ल हार्बरच्या आधीच ढिगाने जहाजांच्या ऑर्डरी गेलेल्या होत्या, आणि 1944 मध्ये त्यांनी 96 हजारांवर विमानं बनवली, जपानने 28 हजारांच्या आसपास. इतकं असताना अमेरिकेला आणखी निवड देऊन खेळात काय भर पडणार? जपानकडे तेल कमी, पोलाद कमी, म्हणून तिथे प्रत्येक निवड बोचते. माझी तक्रार वेगळी आहे, जपानवाला संशोधनाचे सगळे कारखाने एकाच चांगल्या फायटरवर लावून ते वेळेआधी खेचून आणतो. खेळ सुरू करण्याआधीच समोरच्याशी बोला आणि एका विमानामागे जास्तीत जास्त किती कारखाने ते ठरवून टाका, कारण 1943 पर्यंत खेळ गेल्यावर हा विषय काढलात तर तो ऐकणार नाही.