मुक्त बाजारपेठ पटवून द्यायची तर गोष्ट कोणाची सांगावी?

तुम्ही विचारलंय, मुक्त बाजारपेठेबद्दल आकडे मांडले की लोक जांभया देतात, मग गोष्ट सांगून पटतं का? पटतं. फक्त ती यशस्वी उद्योगपतीची नको. ज्याला कायद्याने अडवलं, त्याची सांगा.

माझ्या घरचीच सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. आबा बंडी, म्हणजे बैलगाडी, भरून दोन-दोन दिवस रांगेत उभे राहायचे. ग्रेडर मूठभर कापूस उपसून बघायचा, कवडी, म्हणजे खराब कापूस, आहे म्हणत ग्रेड खाली टाकायचा. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने. आणि पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादला, व्यापारी रोख मोजत होता. एका वर्षी तिकडे भाव चढले तेव्हा आबांनी बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या आणि रात्री नदीच्या उतारावरून बंडी पलीकडे नेली. सांगताना दरवेळी म्हणायचे, "कापूस माह्या वावरातला, अन् चोर मीच?"

हे ऐकल्यावर पुण्यातल्या माझ्या कट्टर डाव्या मित्रानेही पहिला प्रश्न विचारला, "पण का अडवायचं?" तिथून बोलणं सुरू होतं.

लिओनार्ड रीड या अमेरिकन लेखकाने १९५८ साली पेन्सिलीच्या तोंडून तिची जन्मकथा सांगितली. एक साधी पेन्सिल एकट्या माणसाला बनवता येत नाही, हे ती सुरेख दाखवते. पण तिच्यात कुणाचं पोट जळत नाही, म्हणून आपल्याकडे ती डोक्यापर्यंतच पोचते असं मला वाटतं. शेतकरी नेते शरद जोशींना हे नेमकं कळलं होतं. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि कांद्याचा हिशेब शेतकऱ्याच्याच भाषेत मांडू लागले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या चार-पाच शब्दांत अख्खं अर्थशास्त्र आहे.

एक पथ्य मात्र पाळा. कुणीतरी विचारणारच, "व्यापारी काय कमी लुटायचे?" लुटायचे. म्हणूनच तर ती योजना आली आणि हमीभावामुळे सुरुवातीला कित्येकांना हवीही होती. हा भाग गाळू नका. आबाही गाळत नसत. केंद्र बंद करा असं ते कधीच म्हणाले नाहीत. केंद्र असू द्या, पण नदीवरची वाटही मोकळी ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.